पांढरा कुठे परतला?

कराडच्या एका आळीत कॅरमवर ज्याला कोणी हरवू शकत नव्हतं, असा एक मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आला. गणपतीतल्या मंडळाच्या स्पर्धांमध्ये राणी घेऊन कव्हर करायची असली की बोर्डाभोवतीचे लोक त्याच्यासाठी जागा करून देत. सोंगटीला कुठे लागलं की ती कुठे जाते, हे त्याला विचार न करता दिसे. हॉस्टेलवरच्या मित्रांनी एका संध्याकाळी त्याला कॉलेजजवळच्या तळघरातल्या पूल पार्लरमध्ये नेलं, तेव्हा हिरव्या कापडाचं ते टेबल पाहून त्याला वाटलं, हा तर मोठा कॅरम बोर्डच आहे.

पहिले काही आठवडे तसंच चाललं. बाकीच्यांपेक्षा त्याचे बॉल जास्त जायचे. मग तो अडला. सोपे शॉट जात, जरा लांबचे चुकत. कधी लांबचा एखादा असा जाई की सगळे टाळ्या वाजवत, आणि पुढचाच, हाताच्या अंतरावरचा, पॉकेटच्या ओठावर आपटून बाहेर येई. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे हा तिथला रिवाज. महिनाअखेरीला मेसचे पैसे भरताना त्या रिवाजाची किंमत त्याला कळू लागली.

मुलगा आळशी नव्हता. त्याने व्हिडिओ पाहिले, आकृत्या काढल्या. ज्या बॉलला मारायचं त्याच्या मागे, पॉकेटच्या बरोबर उलट्या बाजूला, एक न दिसणारा बॉल चिकटून उभा आहे असं मानायचं आणि क्यूच्या काठीने मारायचा पांढरा बॉल त्याच्या जागी नेऊन पोचवायचा, ही ‘घोस्ट बॉल’ची रीत त्याने शिकून घेतली. पांढऱ्याने समोरचा बॉल निम्मा झाकला तर तो तीस अंशांनी वळतो, पाऊण झाकला तर साधारण साडेचौदा अंशांनी, हा हिशेब त्याने कागदावर लिहून खोलीतल्या भिंतीवर चिकटवला. पैसे साठवून स्वतःचा क्यू घेतला. रोज दोन-दोन तास खेळला. तरी नेम होता तिथेच राहिला.

अशा वेळी माणूस कारणं शोधतो, आणि पूल पार्लरमध्ये कारणांना तोटा नसतो. टेबलाला उतार आहे. पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि बॉल जड चालतो. क्यूचं टिप गुळगुळीत झालंय. वरचा दिवा मध्यावर नाही. गंमत म्हणजे ही सगळी कारणं कधी ना कधी खरीही असतात. म्हणूनच ती इतकी घातक. ज्याला खोटं म्हणून फेकून देता येत नाही, त्याच कारणाच्या आड माणूस वर्षानुवर्षं बसून राहू शकतो.

त्या पार्लरची व्यवस्था बघायला एक काका होते. सकाळी टेबलांवरून ब्रश फिरवणं, बॉल पुसणं, वहीत वेळ लिहिणं, पैसे घेणं ही त्यांची कामं. तरुणपणी ते एका जिमखान्यात मार्कर होते. बिलियर्ड्स रूममधला मार्कर म्हणजे गुण मांडणारा, पॉकेटमधले बॉल काढून देणारा, मेंबरांना रेस्ट, म्हणजे लांबच्या शॉटसाठी क्यू टेकवायची काठी, हातात देणारा माणूस. पुष्कळदा त्या खोलीतला सर्वांत जाणता खेळाडूही तोच असतो, पण भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळ्यावर त्याचं नाव नसतं. या माणसांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे, याची मला खंत वाटते. भारतातले कितीतरी चांगले हात अशाच एखाद्या मार्करच्या नजरेखाली घडले आहेत.

काका फार बोलत नसत. विल्सन जोन्स यांचं नाव निघालं की मात्र त्यांचा चेहरा उजळे. “आपल्या पुण्यात जन्मलेला माणूस,” ते सांगत. “1922 चा जन्म. 1958 ला कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. 1964 ला न्यूझीलंडला जाऊन पुन्हा जिंकून आला. कुठल्याही वैयक्तिक खेळातला आपल्या देशाचा पहिला जगज्जेता. आणि इथं येणाऱ्या पोरांना नावसुद्धा ठाऊक नाही.”

एका दुपारी पार्लर रिकामं होतं. मुलगा एकटाच बॉल मांडून मारत होता आणि चुकला की क्यूचा बुडखा जमिनीवर आपटत होता. काका जवळ आले.

“काका, नेम सुधारायचाय. काय करू?”

“नेम चांगला आहे तुझा.”

“मग बॉल का जात नाहीत?”

“सगळे बॉल काढून घे. फक्त पांढरा ठेव.”

त्यांनी पांढरा टेबलाच्या अलीकडच्या टोकाला, रुंदीच्या बरोबर मध्यावर ठेवला. समोर टेबलाच्या मध्यरेषेवर ठिपका होता. “या ठिपक्यावरून सरळ समोरच्या कुशनवर मार. जोर बेताचा. मारल्यावर क्यू जिथं थांबेल तिथंच धर. पांढरा परत येऊन टिपाला टेकला पाहिजे.”

मुलाला जरा अपमान वाटला. इतक्या दिवसांनी हे? तरी त्याने मारलं. पांढरा ठिपक्यावरून गेला, कुशनला लागला, परत आला आणि टिपापासून चांगला चार बोटं उजवीकडून निघून गेला. दुसऱ्यांदा मारला. पुन्हा उजवीकडे. मग त्याने मुद्दाम थोडा डावीकडे रोख धरून मारला, तर जाताना ठिपका चुकला.

“टेबलाला उतार आहे,” तो म्हणाला.

काकांनी काही न बोलता त्याला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. उतार असेल तर तिथून पांढरा डावीकडे जायला हवा होता. तिथूनही तो त्याच्या उजवीकडेच गेला.

“बघ,” काका म्हणाले, “जाताना सरळ गेला, येताना वाकडा आला. म्हणजे रोख बरोबर होता. मध्यावर मारतोय असं तुला वाटतं, पण टिप लागतं मध्याच्या उजवीकडे. बॉलला फिरकी मिळते. जाताना ती दिसत नाही, कुशनला लागली की बाहेर पडते.”

मुलगा इंजिनिअरिंगचा होता, त्यामुळे पुढचं त्याला फार समजावावं लागलं नाही. नकळत दिलेली ती उजवी फिरकी दोन उलट कामं करत होती. हळू आणि जवळून मारलं की पांढरा समोरच्या बॉलला घासून किंचित डावीकडे ओढायचा. जोरात आणि लांबून मारलं की मुळात पांढराच रोखाच्या जरा डावीकडून जायचा, आणि समोरचा बॉल पॉकेटच्या उजवीकडे निघून जायचा. दोष एकच, पण चुका दोन दिशांना. त्याला इतके दिवस वाटत होतं की आपल्या डोळ्याचा भरवसा नाही. डोळा बिचारा जमेल तेवढं सांभाळून घेत होता. जवळच्या शॉटला तो नकळत थोडा एका बाजूला रोख धरायचा, लांबच्याला दुसऱ्या. डोळ्याने हाताची चूक पाठीशी घातली होती, आणि ज्याला आपण सराव म्हणत होतो तो खरा या लपवाछपवीचाच सराव होता, हे मुलाच्या ध्यानात आलं.

त्या रात्री त्याने वहीत हिशेब मांडला. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर. पांढरा समोरच्या बॉलला जिथे लागायला हवा तिथून फक्त 1 मिलिमीटर बाजूला लागला, तर तो बॉल जवळजवळ 1 अंशाने वेगळ्या दिशेला जातो. नऊ फुटी टेबलाची खेळायची लांबी 254 सेंटिमीटर. त्यातलं 2 मीटर अंतर त्या बॉलला कापायचं असेल, तर 1 अंशाचे शेवटी साडेतीन सेंटिमीटर होतात. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर, बॉल पावणेसहाचा. बॉल मध्यावरून निघाला तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा तीन सेंटिमीटरांहून थोडी कमीच. थोडक्यात, पांढऱ्याची 1 मिलिमीटरची चूक लांबचा बॉल बाहेर ठेवायला पुरेशी आहे. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. भिंतीवरच्या तक्त्यात कोन होते. तो कोन हाताकडून जसाच्या तसा पांढऱ्यापर्यंत पोचतो का, हे त्यात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी कोल्ड्रिंकची रिकामी काचेची बाटली आणली. टॉवेलाची घडी करून तिच्यावर बाटली आडवी ठेवली, तोंड मुलाकडे. “क्यू मागंपुढं कर. टिप बाटलीच्या गळ्यात जाऊन बाहेर आलं पाहिजे. काचेला लागता कामा नये.”

सावकाश केलं की टिप आरामात आत जाई. खऱ्या शॉटच्या वेगाने पुढे नेलं की टक्कन आवाज. दर वेळी गळ्याच्या उजव्या कडेवर. काका टेबलाच्या पलीकडे जाऊन खाली वाकून बघत राहिले आणि मग म्हणाले, “शेवटच्या क्षणी मूठ आवळतोस. मूठ आवळली की मनगट आत वळतं, क्यूचं बूड अंगाकडं येतं आणि टिप उजवीकडं जातं.”

“का आवळतो पण?”

“बॉल पडताना बघायची घाई आहे तुला. मारायच्या आधीच तू तिकडं पोचलेला असतोस.”

हे ऐकायला जितकं सोपं, तितकं अंगी बाणवणं अवघड. हनुवटी क्यूच्या बरोबर वर, कोपर लंबकासारखं, मूठ सैल, मागे नेल्यावर क्षणभर थांबायचं, पुढे न्यायचं, आणि पांढरा निघून गेला तरी डोकं वर करायचं नाही. मुलगा सकाळी पार्लर उघडायच्या वेळी येऊ लागला. काका टेबलांना ब्रश करेपर्यंत कोपऱ्यातलं टेबल त्याला मोकळं मिळे. वीस मिनिटं बाटली. मग एकटा पांढरा. मग पांढऱ्यासमोर सरळ रेषेत एकच बॉल, सरळ पॉकेटमध्ये, आणि पांढरा आदळल्या जागी थांबला पाहिजे. तो थोडा जरी बाजूला सरकला तरी बॉल गेला हे धरायचं नाही.

सर्वांत कठीण गोष्ट काकांनी वहीच्या बाबतीत सांगितली. मुलगा रोज किती बॉल गेले ते लिहीत असे. काकांनी ते पान दुमडलं. “गेलेले लिहू नको. चुकलेले लिही. कुठं गेला, डावीकडं की उजवीकडं, जाड लागला की पातळ, आणि मूठ कशी होती. आठवत नसेल तर तसंच लिही, आठवत नाही म्हणून.”

पहिल्या पानांवर ‘आठवत नाही’ हेच जास्त वेळा लिहिलेलं होतं. बॉल चुकल्या क्षणी माणूस तिकडून नजर काढून घेतो. चूक बघायला नको वाटते, म्हणून ती दिसतच नाही, आणि दिसली नाही म्हणून पुन्हा होते. जवळपास सगळ्याच कामांत आपण असंच करतो असं मला वाटतं. मुलाने मात्र नजर तिथेच ठेवायची सवय लावली, आणि हळूहळू ‘आठवत नाही’ची जागा ‘उजवीकडे, मूठ घट्ट’ या शब्दांनी घेतली.

मध्येच पैशांची अडचण आली. घरून येणारे पैसे पुरत नव्हते, टेबल परवडेना. काकांनी त्याला एक गोष्ट सांगितली. जिमखान्याच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकात त्यांनी ती वाचली होती. अमेरिकेत फिलाडेल्फियाला विली मॉस्कोनी नावाचा मुलगा होता. वडिलांचाच पूल हॉल, पण पोराने हा खेळ खेळू नये म्हणून वडील बॉल कुलपात ठेवत. पोरगं स्वयंपाकघरातले गोल बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन रात्री खेळायचं. पुढे 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला या माणसाने एकही न चुकता सलग 526 बॉल पॉकेटमध्ये घातले. “टेबल नसलं तर क्यू आहे ना तुझ्याकडं?” काका म्हणाले. “फरशीची रेघ आहे ना?” मग हॉस्टेलच्या खोलीत टेबलाच्या कडेवर हात टेकून, खालच्या फरशीच्या रेघेवर क्यू मागेपुढे, मागेपुढे. खोलीतला सोबती पांघरूण डोक्यावर ओढून झोपून जाई.

आणि मग जे झालं त्याची कोणी त्याला कल्पना दिली नव्हती. त्याचा खेळ बिघडला.

हात सरळ चालू लागला होता, पण डोळ्याला जुन्या वाकड्या हाताची सवय होती. डोळा अजून सांभाळून घेत होता, आणि आता सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. जवळचे बॉल, जे पूर्वी दहात आठ जात, ते आता पॉकेटच्या उजव्या कडेला आपटू लागले. मित्र हसले. “भावा, कोचिंग बंद कर, आधीच बरा होतास.” आणि खरंच, आधी तो बरा होता.

एका शनिवारी रात्री चौघांत आठ बॉलचा खेळ लागला. हरणाऱ्या जोडीने तीन तासांचे पैसे द्यायचे ठरलं होतं. सर्वांत शेवटी घालायचा काळा बॉल तेवढा उरला, टेबलाच्या जवळच्या कोपऱ्यात, दीड हातावर. मुलगा वाकला. जुना हात त्याच्या मुठीत तयार होता. शेवटच्या क्षणी मूठ थोडी आवळायची, बस. काळा गेलाच असता. मित्राने खांद्यावर थाप मारून सांगितलं, “नेहमीसारखा मार.” मुलाने मूठ सैल सोडली, क्षणभर थांबला आणि सरळ मारलं. डोळ्याने मात्र शेवटी दगा दिला, रोख जुन्या सवयीने किंचित उजवीकडे गेला होता. काळा पॉकेटच्या कडेला लागून बाहेर आला. पुढच्या शॉटला ते हरले.

पैसे देताना मित्राने त्याच्याकडे बघितलंही नाही. काकांनी वहीत वेळ पाहिली, हिशेब केला आणि पूर्ण रक्कम घेतली. एक रुपया कमी केला नाही. बाकीचे जिन्याने वर गेल्यावर ते म्हणाले, “जुन्या हातानं मारला असतास तर गेला असता.”

“माहीत होतं.”

“मलाही दिसत होतं.” काकांनी पैसे गल्ल्यात टाकले. “सकाळी ये.”

डोळ्याला खरं बघायला शिकवण्यात हाताइतकाच काळ गेला. त्यासाठी वेगळी युक्ती नव्हती. घोस्ट बॉलची तीच जुनी रीत, तेच तीस अंश, फक्त आता प्रत्येक शॉटनंतर हात खरं बोलत होता, त्यामुळे डोळ्याची चूक डोळ्याचीच म्हणून ओळखता येत होती. दोन गुन्हेगार एकमेकांवर ढकलत होते तोवर कोणीच सापडत नव्हता. एक खरं बोलू लागल्यावर दुसऱ्यालाही बोलावं लागलं. हळूहळू वहीतल्या नोंदी कमी होत गेल्या. पूर्वी चुकलेला बॉल हातभर दूर जाई. आता चुकला तरी पॉकेटच्या ओठाला लागून चुके.

त्या पावसाळ्यात पार्लरने स्पर्धा ठेवली. मुलगा उपांत्य फेरीपर्यंत पोचला. हे त्याच्या मित्रांनाही अनपेक्षित होतं, आणि त्या दिवशी ते सगळे आले होते. निर्णायक डावात त्याच्याकडे एकच काळा उरला. पांढरा टेबलाच्या एका टोकाला, काळा मध्यावर, पॉकेट दूरच्या कोपऱ्यात, जवळजवळ सरळ. बाहेर मुसळधार पाऊस, कापड ओलसर, खोलीत माणसांची गर्दी. त्याने मारलं. काळा पॉकेटच्या उजव्या कडेवर टेकला, थरथरला आणि आत न जाता बाहेर आला. प्रतिस्पर्ध्याने पुढच्या शॉटला तो घालून डाव घेतला.

मित्र धावत आले. पहिल्यांदाच ते मनापासून त्याच्या बाजूने बोलत होते. “भावा, तुझा गेला होता तो. या कोपऱ्याला टेबल सरकलंय.” “पावसाने कापड बघ कसं झालंय.” “तो मधेच कोणाचा फोन वाजला ना!” एकाने तर काकांना हाक मारली की या टेबलाची लेव्हल बघून घ्या.

“लेव्हल बरोबर आहे,” मुलगा म्हणाला. “सकाळीच याच टेबलावर पांढरा परत आणलाय मी.”

“मग?”

“मूठ आवळली. शेवटी. मला वाटलं आता गेलाच.”

त्याने हात पुढे केला, जिंकलेल्याशी मिळवला आणि क्यू उघडून पिशवीत ठेवला. चेहऱ्यावर दुःख होतं. हरल्याचं दुःख होऊ नये असं कोणी म्हणत असेल, तर त्याने कधी मनापासून काही केलेलं नाही असंच मी समजेन. मात्र त्या दुःखात गोंधळ नव्हता. काय झालं, किती झालं आणि कशामुळे, हे त्याला बॉल थांबायच्या आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा काकांनी ब्रश करून झालेलं टेबल त्याच्यासाठी ठेवलं होतं. बाटली मात्र बाहेर काढलेली नव्हती. त्यांनी त्याची वही मागितली, कालची नोंद वाचली, “उजवीकडे, सव्वा बोट, मूठ घट्ट, आधीच जिंकलो”, आणि मान डोलावली. मग वहीच्या शेवटचं कोरं पान फाडून टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवलं. एक बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटजवळ मांडला, पांढरा त्याच्या हातात दिला.

“बॉल मारल्यावर पांढरा या कागदावर थांबला पाहिजे.”

“बॉल पॉट करून?”

“पॉट तर होणारच आहे,” काका म्हणाले. “पुढचा बॉल कुठून मारायचा, ते आता शिकायचं.”